पाठमोरी माणसं

शनिवारी सकाळी मंडईत स्केच करत बसले होते. कोथिंबीर-मेथी विकणाऱ्या एका मावशींच्या मागे रिकामा क्रेट पालथा घालून जागा केली होती. नुकतंच पाणी मारलेलं, त्यामुळे ओल्या गोणपाटाचा, मुळांना चिकटलेल्या मातीचा आणि पायाखाली चुरडलेल्या देठांचा मिळून एक थंड हिरवा वास सुटलेला. मावशी जुड्या बांधत होत्या. गठ्ठ्यातून मूठभर काड्या ओढायच्या, मुळं सारखी करायला फळीवर आपटायच्या, सुतळीचा वेढा, गाठ, की जुडी उजवीकडे. एवढ्याशा कामात त्यांच्या पाठीत केवढं काय काय घडत होतं! काड्या ओढताना उजवा खवाटा वर यायचा, आपटताना दोन्ही खांदे एकदम खाली जायचे, गाठ मारताना सगळी पाठ क्षणभर आवळून धरल्यासारखी व्हायची. पदर कमरेला खोचलेला होता. त्याची एक तिरपी घडी खांद्यापासून कमरेपर्यंत ताणली जायची आणि लगेच सैल पडायची. मी त्या घडीच्या मागे लागले होते. एकाच पानावर तीच पाठ, एकीवर एक, कितीतरी वेळा. शेवटी एकदा ती घडी हाताला लागली असं वाटलं.

तेवढ्यात मावशी वळल्या. "बघू गं, काय काढतीस मघापासनं?" हात पदराला पुसून त्यांनी वही घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "पाठ माझीच हाय," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पन तोंड कुठंय माझं?"

"मागून काढलंय ना, मावशी."

"ते दिसतंय मला. पन ह्याच्यात मला वळखणार कोण?"

गिऱ्हाईक आलं, वही माझ्या हातात परत आली, मेथीचा भाव सांगणं सुरू झालं. मी त्यांची एक जुडी घेतली आणि तुळशीबागेतून घरी निघाले. पितळी भांडी, बांगड्या, पोत्यातल्या रांगोळ्या, सगळं रोजचंच होतं. पण प्रश्न काही मागे राहायला तयार नव्हता. त्या बाईंना स्वतःच्या चित्रात स्वतः सापडायचं होतं. तेवढा हक्क तर कुणालाही असतो, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

त्या रात्री माळ्यावरून सगळ्या वह्या खाली काढल्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच्या: काही चांगल्या कागदाच्या, काही नुसत्या दोनशे पानी, रेघांवरच काढलेल्या. सतरंजीवर पसरून एकेक उघडत गेले. पर्वतीच्या पायऱ्या चढणारे आजोबा, मागून. पीएमपीच्या गर्दीत दांडा धरून उभी असलेली माणसं, मागून. ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर नदीकडे बघत बसलेला एक जण, फुलांच्या टपरीवर ओठंगलेल्या बायका, चहाच्या गाडीभोवतीचं कोंडाळं, झेड ब्रिजच्या कठड्यावर वाहनांकडे पाठ करून बसलेली जोडपी. जोडपी पाठमोरी असणार हे समजण्यासारखं आहे. पण चहा पिणारी माणसं गोल उभी असतात. त्यातली निम्मी तरी माझ्याकडे तोंड करून असणारच. कागदावर मात्र तेवढीच आली होती ज्यांची पाठ होती. पलीकडच्या माणसांचे दोन-तीन ठिपके, कपाळाची एखादी रेघ, बस्स.

हे मी कधी ठरवलेलं नव्हतं.

पहिलं सुचलेलं कारण सोपं होतं. न विचारता माणसं काढायची तर मागेच बसावं लागतं. समोरून काढायला लागलं की माणूस केस सारखे करतो, हसतो, किंवा उठून जातो. रस्त्यावर स्केच करणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे. आमच्या रविवारच्या गटातही बरेच जण कोपरा धरून बसतात. पण त्यांच्या वह्यांमध्ये चेहरे आहेत. झोपलेला रिक्षावाला आहे, पेपरात डोकं घातलेला पेन्शनर आहे, उसाच्या गुऱ्हाळावरचा मुलगा आहे. चोरून काढायचे म्हटले तरी चेहरे काढता येतात.

दुसरं कारण शाळेतलं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ज्यांनी दिली आहे त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. वस्तुचित्रात समोर बादली किंवा किटली तरी ठेवलेली असते, संकल्पचित्रात कंपास आणि पट्टी हात देते. स्मरणचित्रात मात्र कोरा कागद आणि फळ्यावर लिहिलेला विषय: नळावरील गर्दी, बसथांबा, गणपतीची मिरवणूक, भाजी मंडई. ठरलेल्या वेळात किमान तीन माणसं आणि मागचं वातावरण उभं करायचं. आमच्या क्लासमध्ये त्यासाठी माणसं आधीच बसवून दिलेली होती. एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, मागून. एक पिशवी धरलेला माणूस, तिरपा आणि मागून. एक लहान मुलगा, आईचं बोट धरून, अर्थात मागून. चेहरा बिघडला तर सगळं चित्र बिघडतं आणि पाठ कधी बिघडत नाही, हा त्यामागचा हिशोब. ही तीन माणसं आम्ही इतकी घोटली होती की नळावर, बसथांब्यावर, मिरवणुकीत तीच यायची; फक्त टोपलीच्या जागी घागर नाहीतर बॅग. दहावीला वाढीव गुण मिळाले. पुढे चित्रकला संपली, असंच सगळे धरून चालले होते आणि मीही.

आता ती जुनी चित्रं मंडईतल्या पानाशेजारी ठेवून पाहिली. टोपलीवाल्या बाईची पाठ म्हणजे एक सरळ चौकट आणि त्यावर साडीच्या तीन रेघा. तिच्या टोपलीत काही वजनच नाही. खरी टोपली डोक्यावर असेल तर मान आखडते, कमरेला आतून बाक येतो, एक हात वर गेल्यामुळे त्या बाजूच्या बरगड्या उघडतात. क्लासमधल्या पाठी चेहरा टाळण्यासाठी होत्या. मंडईतली पाठ मी तासभर बघून काढली होती. दोन्ही पाठीच, पण दुसरी पहिलीतून आलेली नाही एवढं मला स्पष्ट दिसलं.

मधल्या काळात इंजिनिअरिंग होतं, आणि अजून आहे. चित्रकला परत आली ती त्याच्याच दारातून. पहिल्या वर्षी ड्रॉइंगची शीट असायची. अर्ध्या वर्गाला ती शिक्षा वाटे. हॉस्टेलवर रात्री काचेखाली ट्यूबलाइट लावून एकाची शीट दुसऱ्याच्या शीटवर उतरवायचे, त्याला जीटी मारणं म्हणतात. मला मात्र ड्राफ्टर बोर्डला अडकवून पहिली रेघ मारताना फार बरं वाटायचं. लोखंडाचा एखादा तुकडा घ्यायचा आणि तो समोरून, वरून, बाजूने कसा दिसतो ते काढायचं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. त्यात डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे येतं आणि वरून पाहिलेलं खाली. सुरुवातीला डोकं फिरतं, मग एक दिवस अचानक तो तुकडा मनात गोल फिरायला लागतो. बहुतेक तुकडे या तीन दृश्यांत पक्के ठरतात, मागून कसा दिसतो ते वेगळं काढावंही लागत नाही. त्या शीटच्या कोऱ्या समासात मी कधी पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी काढायला लागले ते आठवत नाही. त्या वेणीपासून वह्या सुरू झाल्या.

गटात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक येतात. ते कुणाच्या चित्रावर पेन्सिल ठेवत नाहीत, शेजारी बसून स्वतःचं काढतात. त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "आधी भार कुठे आहे ते शोध." माणूस उभा असतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच पायावर असतो. ज्या पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं, आणि तोल राखायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन तिरप्या रेघा सापडल्या की माणूस उभा राहिला. मग बाकीचं कमी काढलं तरी चालतं. मानेच्या तळाशी मणक्याचं एक टोक वर आलेलं असतं, सातवा मणका. तिथून सुरुवात केली की वाकलेली पाठ किती वाकली आहे ते कळतं. हे कळल्यावर मी बसमध्ये, बँकेच्या रांगेत, आरतीच्या गर्दीत भार शोधत फिरायला लागले. आळंदीहून येणारी पालखी बघायला गेले तर डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांचे सातवे मणके बघत राहिले. दिवसभराच्या चालण्यानंतर ते किती निरनिराळे दिसतात! काहींचे थकून पुढे आलेले, काहींचे सकाळी निघाल्यासारखे सरळ.

याच नादात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन बसायला लागले. तिथे सगळ्यात आधी कान गुंततो. तांब्याच्या भांड्यावर मठार मारताना प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या अगदी शेजारी पडावा लागतो, तेव्हाच ती एकसारखी चकचकीत टिकल्यांची ओळ उमटते. हातोडीपेक्षा जास्त काम भांडं फिरवणारा हात करतो. आणि त्या दोघांच्या मागे पाठ असते, जवळजवळ न हलणारी. तिच्या न हलण्यामुळेच ठोका चुकत नाही. तांबटांची पाठ आणि मंडईतल्या मावशींची पाठ यांत किती फरक आहे हे मी आधी हाताने काढलं आणि मग मला ते शब्दांत सांगता आलं. एकीची पाठ कामाबरोबर हलते, दुसऱ्याची कामासाठी थांबते.

गंगाराम तांबट हे नाव मला या आळीच्या निमित्ताने भेटलं. सवाई माधवरावांच्या काळातला पुण्याचा चित्रकार. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्याच्याकडून चित्रं करून घ्यायचा. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, शनिवारवाड्यात चित्रकलेचे वर्ग सुरू झाले, आणि गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला. वेरूळची लेणी त्याने काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, तो 1790 चा. ही चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत आणि संगणकावर घरबसल्या बघता येतात. मी तो गेंडा पुष्कळदा मोठा करून पाहिला आहे. वेल्सने नाना फडणीस रंगवले, सवाई माधवराव रंगवले. पुण्यातले मोठे चेहरे त्याच्याकडे. गंगारामच्या वाट्याला गेंडा आणि दगडात कोरलेले खांब. पण त्या गेंड्याच्या कातडीच्या घड्यांकडे बघताना मला पत्र्याची वळणं ओळखणारा हात दिसतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, मला वाटतं एवढंच. घरात जे रोज बघितलं, ते पुढे गेंडा काढतानाही हाताबरोबर येत असेल.

हे मनात आलं आणि मी वह्यांवरून उठून मधल्या दारात जाऊन उभी राहिले.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वाड्याच्या रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मधलं दार कायम उघडं. बाबा रस्त्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे घराकडे पाठ. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, मधे जेवण. त्यांचा चेहरा गिऱ्हाइकांनी बघितला, आम्ही पाठ. मी अभ्यास करायचे ती जागा त्या दाराच्या सरळ रेषेत. वही-पुस्तकातून मान वर केली की समोर बाबांची पाठ, तिच्या कडेने रस्त्याचा उजेड, आणि दोन्ही बाजूंना भिंतीवरची घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी, कारण दुरुस्तीला आलेली. पेट्रोलच्या वाटीत भाग धुतल्याचा वास. पालथ्या काचेच्या वाटीखाली झाकून ठेवलेली चाकं.

आणि खांदे. डोळ्याला भिंग लावून चिमट्याने काही बसवायचं असलं की बाबा श्वास धरतात. खांदे थोडे वर जातात आणि तिथेच थांबतात. जुन्या चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील असतं. एचएमटी जनतासारख्या घड्याळात ते तासाला 18,000 ठोके देतं, सेकंदाला पाच. ते जागेवर बसेपर्यंत घड्याळ गप्प. बसलं, की ते आपोआप झुलायला लागतं आणि बाबांचे खांदे उतरतात. फी मागायची ती खांदे उतरल्यावर, हे मला पाचवी-सहावीतच कळलेलं होतं. खांदे वर असताना आई भांडंसुद्धा हळू ठेवायची. एखादं घड्याळ उघडून काहीच होणार नसलं की पाठ डावीकडे झुकायची. सेलची घड्याळं आली, मग मोबाइल आले, मग 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं सरकारने ठरवलं आणि सुटे भाग मिळेनासे झाले. त्या वर्षी ती पाठ बरेच दिवस डावीकडे होती. घरात त्याविषयी कुणी काही बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही, कारण दारातून सगळं दिसत होतं.

तेव्हा कळलं की मी माणसांची तोंडं चुकवत नव्हते. मला माणूस जिथून वाचता येतो, तिथून मी वाचत होते.

आणखी एक गोष्ट त्या दारात उभं राहिल्यावरच दिसली. माझ्या सगळ्या स्केचमध्ये उजेड समोरून येतो, माणसाच्या पलीकडून. पाठ काळोखी आणि कडेला उजेडाची बारीक किनार. मंडईत प्रकाश वरून, छताखालच्या झरोक्यांतून येतो, तरी माझ्या पानावर मावशींच्या खांद्याला किनार होती. गटातले लोक म्हणायचे, तुझी शैली आहे ही. मलाही तो शब्द आवडला होता. ती शैली म्हणजे आमच्या दुकानाची दिशा होती. याचा आनंद झाला की हिरमोड, ते अजून नीट सांगता येत नाही. आपल्या हातात आपलं म्हणून जे काही आहे ते असं एका दाराच्या चौकटीतून आलेलं निघावं, यात थोडं बांधून पडल्यासारखंही होतं. पण त्या रात्री झोप फार छान लागली.

मग मी बाबांचं चित्र करायला घेतलं. इतक्या वर्षांत ते काढलेलं नव्हतं. गावभरच्या पाठी काढल्या आणि ही तेवढी राहिली होती. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून जाड, खरखरीत कागद आणला. काळ्या शाईचे वॉश. खरखरीत कागदावर शाई घेऊन कुंचला जोरात ओढला तर खळग्यांत पांढरं सुटतं, आणि ओल्यावर लावली तर पसरत जाते. उजेडाची किनार ठेवायची तर ती जागा शेवटपर्यंत कोरडी राखावी लागते. पांढरा रंग वरून लावता येतो, पण तो कागदाच्या पांढऱ्यासारखा बोलत नाही. अभ्यासाच्या जागेवर बसून, कॉलेजहून आल्यावर थोडं थोडं करत होते. बाबांना माहीत नव्हतं. पाठ असल्याचा तो फायदा.

पुरं झाल्यावर दाखवलं. बाबांनी ते काउंटरवर आडवं ठेवलं, सवयीने भिंग डोळ्याला लावलं आणि एका टोकापासून बघत गेले. घड्याळांवर थांबले. "सगळी निरनिराळ्या वेळेची काढलीस, बरोबर." मग खांद्यांपाशी आले. भिंग काढलं.

"डावा खांदा खाली दिसतोय."

"आहेच तसा, बाबा."

"असा बसतो होय मी?" आणि मागे वळून, मोठ्याने, "अहो, मी असा बसतो?"

आई आतूनच म्हणाली, "पहिल्यापासून."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. स्वतःची पाठ ते पहिल्यांदा बघत होते. रोज दहा-दहा तास त्यांनी जी आम्हाला दाखवली, ती त्यांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या कोपराखाली लाकडाची एक पट्टी घेतली, चित्रात किती उतार आहे ते पट्टीने मोजून तेवढ्याच जाडीची. आता बसणं बदललं आहे. मी जे काढलं ती पाठ आता दुकानात दिसत नाही, फक्त कागदावर आहे. हे मला अपेक्षित नव्हतं, आणि ते बघून पोटात काहीतरी हललं. त्यांची मान दुखायची थांबली म्हणतात, तेव्हा चांगलंच झालं.

मला लोक विचारतात की मग आता इंजिनिअरिंगचं काय. शेवटचं वर्ष आहे, प्लेसमेंट चालू आहेत, मी मुलाखती देते आहे. सोडायचं मनात नाही. चित्रकार सुधीर पटवर्धनांनी पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून 1972 मध्ये डॉक्टरकी पुरी केली आणि पुढे ठाण्यात 2005 पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत चित्रं काढली. त्यांच्या चित्रातली कामकरी माणसं बघताना शरीराचं वजन जाणवतं, हाडं कुठे आहेत ते माहीत असलेल्या माणसाने काढल्यासारखं. मी त्यांच्याशी बरोबरी सांगत नाही. दोन कामं एका अंगात राहू शकतात, एवढा आधार त्यातून घेते. आणि मला संगणकाचं कामही आवडतं.

मंडईत परत गेले. यावेळी समोर बसले, विचारून. मावशी आधी लाजल्या, मग पदर डोक्यावर घेतला, मग कामात सगळं विसरल्या. चेहरा काढणं मला अवघड गेलं. डोळे मिळाले की ओठ हलायचे, ओठ धरावेत तर भाव सांगायला मान फिरायची. शेवटी जे झालं त्यात त्या ओळखू येत होत्या. शेजारच्या गाळ्यावरच्या बाईंनी लांबूनच ओळखलं आणि हसल्या. मावशींनी पान बघून नाकाकडे बोट केलं: "चमकी राहिली." मी चमकी काढली. मग पान फाडून त्यांनाच दिलं. त्यांनी ते घडी करून पैशांच्या डब्यात ठेवलं, नोटांच्या खाली. त्या खूश होत्या आणि मीही. पण खरं सांगायचं तर त्या चेहऱ्यात मला त्या तितक्याशा भेटल्या नाहीत, जितक्या त्या तिरप्या घडीत भेटल्या होत्या. त्यांना हवं ते चित्र आणि मला दिसतं ते चित्र, दोन्ही आता आहेत. एक त्यांच्या डब्यात, एक माझ्या वहीत.

सध्या आईच्या मागे लागले आहे. ती ओट्याशी उभी असते, म्हणजे तिचीही पाठच समोर. तरी तिची पाठमोरी अशी एकही आकृती माझ्या वह्यांत नाही, आणि कारण काढायला बसल्यावर कळलं. ती तशी राहतच नाही. बोललं की वळते. हात कणकेत, अंग ओट्याकडे आणि मान पूर्ण फिरवून चेहरा आपल्याकडे. कानामागून निघून गळ्याच्या हाडापर्यंत उतरणारा स्नायू अशा वेळी ताणून वर येतो, मानेच्या दुसऱ्या बाजूला बारीक वळ्या पडतात, आणि सातवा मणका पुसट होतो. अर्धी पाठ, अर्धा चेहरा. क्लासमध्ये ही कधी घोटली नव्हती आणि रस्त्यावरची अनोळखी माणसं आपल्यासाठी अशी वळत नाहीत. तिला म्हटलं, नुसती मान वळवून थांब. ती सगळीच वळली, कणकेच्या हातांसकट. "पाठ करून बोलणं बरं दिसत नाही," म्हणाली. म्हणून आता उभं राहायला सांगत नाही, गप्पा मारते. मी काहीतरी विचारते, ती वळते, सांगते, पुन्हा पोळीकडे बघते. त्या मधल्या वेळात जेवढं मिळेल तेवढं. काल मी तिला तिच्या लग्नाआधीच्या नोकरीबद्दल विचारलं, जे मी कधी विचारलं नव्हतं. ती टायपिस्ट होती, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. उत्तर लांबलं, तव्यावरची पोळी जरा जास्त भाजली गेली, आणि कानापासून खांद्यापर्यंतची ती रेष मला एका दमात काढता आली.